कँडी ते जाफना: जात, रूढिकायदा आणि धर्माचा मान दाखवणाऱ्या एका अभ्याससहलीचे परीक्षण

श्रीलंकेला जाणारे मराठी प्रवासी ढोबळमानाने दोन वाटांनी जातात. काही जण रामायणाच्या खुणा शोधत नुवरा एलियाकडे वळतात, तर काही जण, विशेषतः नागपूर, अकोला, औरंगाबाद या भागांतील बौद्ध मंडळी, धम्मयात्रा म्हणून अनुराधपूर आणि कँडी गाठतात. कोलंबोतील एक लहान पर्यटनसंस्था या दोहोंहून वेगळी सहल चालवते. कँडीत सुरू होऊन जाफन्यात संपणाऱ्या ए-९ महामार्गाने प्रवास करायचा आणि त्या वाटेवर सिंहली बौद्ध व तमिळ शैव समाजांतील जातिभेद, त्यांचे रूढिकायदे आणि धर्माला राज्यघटनेत मिळालेले स्थान समजून घ्यायचे, अशी तिची आखणी आहे. संस्थेचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही, कारण ज्या उणिवा मला सांगायच्या आहेत त्या एकाच संस्थेपुरत्या असतील असे वाटत नाही. निकाल आधीच सांगतो. कायद्याशी संबंधित भाग उत्तम आहे, देवळे आणि विहार दाखवण्याचा भाग अपुरा आहे, आणि या अपुरेपणाचे कारण सहलीच्या रचनेतच आहे.

कँडी ते वव्वुनिया सिंहली बौद्ध मार्गदर्शक आणि वव्वुनियापासून पुढे जाफन्याचे तमिळ मार्गदर्शक, अशी ही रचना आहे. दोघेही वाचन असलेले, सभ्य आणि प्रश्नांना न कंटाळणारे होते. तरीही कँडीचे मार्गदर्शक तमिळांच्या जातिभेदाबद्दल जितके सविस्तर बोलले, तितके आपल्या भिक्खुसंघातील जातीबद्दल बोलले नाहीत. जाफन्याच्या मार्गदर्शकांनी बौद्ध धर्माला मिळालेल्या घटनात्मक अग्रस्थानाची चिरफाड केली, परंतु आपल्या गावच्या देवळाच्या दारात कोण अडवले गेले हे विचारल्याखेरीज सांगितले नाही. अशा रीतीने प्रवाशाला दोन्ही समाजांची जात कळते, मात्र प्रत्येकाची दुसऱ्याच्या तोंडून. संस्थेला हे जाणवलेले नसावे, कारण माहितीपत्रकात हीच विभागणी ‘स्थानिक दृष्टिकोन’ म्हणून मोठ्या अभिमानाने छापलेली आहे.

कँडीतील पहिला थांबा अर्थातच दळदा मालिगावा, म्हणजे दंतधातूचे मंदिर. येथील निवेदन राजसत्ता आणि धर्म यांच्या नात्याबद्दल होते आणि ते नेमके होते. २ मार्च १८१५ च्या कँडी करारात ब्रिटिशांनी बौद्ध धर्माच्या रक्षणाची हमी दिली, १९७२ च्या घटनेने त्याला अग्रस्थान दिले आणि १९७८ च्या घटनेच्या ९ व्या अनुच्छेदाने बुद्धशासनाचे रक्षण व संवर्धन हे राज्याचे कर्तव्य ठरवले, हा क्रम मार्गदर्शकांनी कागद न पाहता सांगितला. त्याआधीच्या सोल्बरी घटनेत, म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळच्या घटनेत, कोणत्याही एका धर्माला विशेष लाभ देण्यास कायदेमंडळाला मनाई होती, हेही त्यांनी वगळले नाही, याची नोंद त्यांच्या बाजूने करायला हवी. मंदिराच्या अंगणाबाहेर नाथ, विष्णू व पत्तिनी यांची देवालये आणि थोड्याच अंतरावर कतरगामाचे देवालय आहे. हिंदूंना ओळखीच्या देवतांची ही ठाणी बौद्ध राजधानीच्या केंद्रस्थानी का आहेत, हा भाग ऐकण्यासारखा झाला.

याच आवारात सांगण्यासारखी मोठी गोष्ट मात्र राहून गेली. मंदिराचा ताबा ज्या मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन शाखांच्या महानायकांकडे (प्रमुख भिक्खूंकडे), दियवडन निलमे या गृहस्थ अधिकाऱ्यासह, आहे, त्या दोन्ही शाखा सियाम निकायाच्या, म्हणजे सियाम नावाच्या भिक्खुपंथाच्या. लंकेत उपसंपदेची, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेची, परंपरा तुटल्यावर राजा कीर्ती श्री राजसिंहाच्या काळात, वेलिविट सरणंकर यांच्या पुढाकाराने सयामहून (आजच्या थायलंडहून) उपाली थेर आले आणि १७५३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर लवकरच ती शेतकरी-जमीनदार गोविगम जातीपुरती बंदिस्त झाली. हा राजा मदुरेशी नाते असलेल्या नायक्कर घराण्यातला, म्हणजे दक्षिण भारतीय शैव वळणाचा. त्याच्या छत्राखाली पुनरुज्जीवित झालेल्या संघात जातीची भिंत उभी राहिली आणि ती सियाम निकायात आजही बहुतांशी उभी आहे. त्यावर विचारले असता मार्गदर्शकांनी ‘बुद्धाच्या धम्मात जात नाही’ एवढेच उत्तर दिले. धम्मात ती नाही हे खरेच आहे, पण प्रश्न संघाविषयी होता, आणि जातीवर सहल काढणाऱ्याने असे उत्तर देणे म्हणजे तिकिटाचे पैसे घेऊन खिडकी बंद करणे होय.

मराठी बौद्ध वाचकाला ही गोष्ट जास्त टोचेल. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेत आले होते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते आणि धम्मयात्रेला निघणाऱ्यांच्या मनात या देशाबद्दल त्यामुळे एक जिव्हाळा असतो. त्यांना या संघाचा अंतर्गत इतिहास सांगितला जायला हवा. त्या इतिहासात नुसता अपमानच नाही. गोविगम नसलेल्यांनी आपली वाट स्वतः काढली, हीसुद्धा त्याची बाजू आहे. दालचिनी सोलण्याच्या व्यवसायाशी बांधल्या गेलेल्या सलागम जातीतील अंबगहपिटिये ज्ञाणविमल थेर यांनी १७९९ मध्ये समुद्र ओलांडला, ब्रह्मदेशातील अमरपुर येथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन बलपिटियजवळ मादु गंगेच्या पाण्यावर स्वतःच्या संघाचा पहिला विधी केला. कँडीच्या राजाने आणि महानायकांनी घातलेली बंधने जमिनीवर लागू होती, म्हणून त्यांनी पाण्यावरची ‘सीमा’, म्हणजे विधीसाठी आखलेली जागा, निवडली, असा माझा तर्क आहे, जरी विनयाला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांना, असा विधी आधीपासून मान्य होता. हा अमरपुर निकाय पुढे सलागम, करावा व दुराव या किनारपट्टीच्या जातींना जवळचा झाला आणि १८६४ मध्ये जातीला थारा न देणारा रामञ्ञ निकाय निघाला. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाकडचेच होते. कँडीत अडवलेला माणूस आणि नागपुरात बाहेर पडलेला माणूस, दोघांनाही वाट त्या एकाच दिशेने मिळाली, ही जोडणी कोणा मराठी गटासाठी मार्गदर्शकाने केली असती तर ऐकणाऱ्यांनी वह्या उघडल्या असत्या.

सायंकाळच्या पूजेचे ढोल मात्र ऐकायला मिळाले आणि त्यांची माहितीही चांगली मिळाली, वाद्यांची. गेट बेरय, दवुल, तम्मेट्टम यांची नावे, कातडी आणि ताल सारे सांगून झाले. ही वाद्ये परंपरेने बेरव जातीचे लोक वाजवतात, एसळ पेरहेरा या वार्षिक मिरवणुकीतील अनेक कामे जातीनुसार वाटलेली असतात आणि त्यामागे जमिनीची व्यवस्था आहे, हे सांगितले गेले नाही. ब्रिटिशांनी १८३० च्या दशकात राजकारिय ही सक्तीची सेवा बंद केली, तेव्हा विहार आणि देवालयांच्या जमिनी तीतून वगळल्या. मंदिराची जमीन कसायची तर ठरलेली सेवा द्यायची, मग ती ढोल वाजवण्याची असो, भात शिजवण्याची असो वा मिरवणुकीत मशाल धरण्याची. १८७० च्या कायद्याने सेवेऐवजी पैसे भरण्याची सोय केली, तरी व्यवस्था संपली नाही. महाराष्ट्रात महार वतन ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले किंवा भोगावे लागले, त्यांना हे एका वाक्यात कळेल: जमिनीचा तुकडा हातात असतो आणि त्याच तुकड्याने हात बांधलेले असतात. विहारांचा वारसा गुरूकडून शिष्याकडे जातो, आणि शिष्य अनेकदा गुरूच्या नात्यातला, पुष्कळदा भाचा असतो, त्यामुळे अविवाहित भिक्खूंच्या संस्थेतही जमीन जातीबाहेर जात नाही. ढोलांच्या तासाभरात यातले दहा मिनिटांचे जरी बोलणे झाले असते तरी पुरे होते.

कँडी कायद्याचे सत्र लहान असले तरी चोख होते. सिंहली डोंगराळ प्रदेशाच्या या रूढिकायद्यात विवाहाचे दोन प्रकार आहेत. दीग विवाहात मुलगी सासरी जाते आणि वडिलांच्या मालमत्तेवरचा वारसाहक्क साधारणपणे गमावते. बिन्न विवाहात नवरा घरजावई होतो आणि मुलीचा हक्क शाबूत राहतो. विवाह नोंदवताना प्रकार लिहिला नसेल तर १९५२ च्या कायद्यानुसार तो दीग समजला जातो, आणि एवढ्या एका रिकाम्या रकान्यामुळे मुलीची शेती जाऊ शकते, हे वक्त्यांनी उदाहरणाने दाखवले. एकमेकांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोय या कायद्यात आहे, तर देशाच्या सर्वसाधारण कायद्यात ती नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. रूढी म्हणजे सगळीच मागासलेली आणि कायदा म्हणजे सगळाच पुढारलेला, असे समजून आलेल्यांची येथे पंचाईत होते, आणि ती होणे चांगले.

दंबुल्ल येथे लेण्यांतील चित्रे पाहण्यासाठी भरपूर वेळ दिला जातो. चित्रे सुंदर आहेत, त्यावर वेगळे लिहायला नको. पण जातीच्या विषयावरील सहल या ठिकाणी केवळ चित्रे दाखवून पुढे कशी जाऊ शकते, हे मला उमगले नाही. १९८५ मध्ये येथील इनामलुवे सुमंगल थेर यांनी अस्गिरिय शाखेचा विरोध पत्करून सर्व जातींच्या श्रामणेरांना (नवशिक्या भिक्खूंना) उपसंपदा दिली आणि दंबुल्लची स्वतंत्र शाखा उभी केली. याच भिक्खूंनी एप्रिल २०१२ मध्ये गावातील मशीद हटवण्याच्या आंदोलनाचे नेतृत्व केले. आपल्या संघातील जातीविरुद्ध उभा राहणारा माणूस आपल्या धर्माच्या अग्रस्थानासाठी शेजाऱ्याच्या प्रार्थनास्थळावर चालून जाऊ शकतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच टेकडीच्या पायथ्याशी घडतात. सहलीचा सारा विषय येथे एका माणसात सापडतो. संस्थेने हा थांबा पुन्हा आखावा.

पुढचा प्रवास लांब आहे. गाडी बरी होती, जेवण बरे होते, किलिनोच्चीनंतरच्या खारट पाणथळ भागाचे दृश्य लक्षात राहते. डोंगरातल्या चहामळ्यांतील तमिळांचा मात्र या मार्गावर कोठेही उल्लेख नाही. त्यांच्यातील बहुसंख्य तमिळनाडूतील दलित जातींचे वंशज आहेत आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना एका फटक्यात परके ठरवले होते. कँडीतून निघून त्यांना वगळणे ही सोयीची निवड दिसते.

जाफन्यातील पहिली सकाळ हा या सहलीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. डच किल्ल्याच्या तटावर थोडे फिरवून गटाला एका निवृत्त वकिलांच्या घरी नेतात, आणि तेथे तेसवळमैवरील व्याख्यान होते. जाफन्याच्या तमिळांच्या या रूढिकायद्याचा संग्रह डच अधिकारी क्लास इसाक्स यांनी १७०७ मध्ये तयार केला, तमिळ भाषांतर करून तो बारा मुदलियारांना, म्हणजे स्थानिक तमिळ मानकऱ्यांना, दाखवण्यात आला आणि त्यांच्या मान्यतेने तो कायम झाला. पुढे ब्रिटिशांनी १८०६ मध्ये त्याला कायद्याचे बळ दिले. ते मुदलियार कोण होते, हे वकिलांनी स्वतःहून सांगितले: जमीनदार वेळ्ळाळर. मान्यता देणारे तेच असल्यावर संग्रहात कोवियर, चांडर, पळ्ळर आणि नळवर हे गुलाम म्हणून नोंदलेले असावेत, यात नवल नाही. गुलामगिरी १८४४ मध्ये कायद्याने संपली, पण संग्रहातील मालमत्तेचा भाग जिवंत राहिला.

त्या मालमत्तेचे तीन प्रकार त्यांनी एका कल्पित कुटुंबाचा वंशवृक्ष फळ्यावर काढून समजावले. मुदुसम म्हणजे पूर्वजांकडून आलेली, चीदनम म्हणजे मुलीला लग्नात दिलेली आणि तेडियतेट्टम म्हणजे संसारात मिळवलेली मालमत्ता. चीदनम बाईच्या नावावर असते, म्हणून जाफन्यात घरेदारे बायकांच्या नावावर दिसतात, आणि परक्याला वाटते की येथे स्त्रिया मालक आहेत. पण १९११ च्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला आपली स्थावर मालमत्ता विकायची असेल तर नवऱ्याची लेखी संमती लागते, आणि तो अकारण अडून बसला तर तिला न्यायालयात जावे लागते. यादवी युद्धात नवरे मेले, बेपत्ता झाले किंवा परदेशी गेले. बेपत्ता माणसाची सही कोठून आणायची, हा प्रश्न वकिलांनी विचारला तेव्हा खोलीत कोणीच बोलले नाही. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने जुने सर्व लिखित-अलिखित कायदे, ते मूलभूत हक्कांशी विसंगत असले तरी, चालू ठेवले आहेत, त्यामुळे समानतेचा हक्क दाखवून या तरतुदीला आव्हान देता येत नाही. जमीन विकताना सहमालक आणि वारस यांना आधी विचारण्याचा नियम १९४७ पासून वेगळ्या कायद्यात आहे. हा नियम कुटुंबाची जमीन राखतो आणि त्याच नियमाने ती जातीतही राहते, एवढे बोलून त्यांनी खडू खाली ठेवला. एवढ्या व्याख्यानासाठीदेखील मी ही सहल सुचवीन.

सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र तेसवळमै ‘श्रीलंकेतील तमिळांचा कायदा’ असा छापला आहे. तो जाफना प्रांतातील तमिळांपुरता आहे. बट्टिकलोवाचे किंवा चहामळ्यांतील तमिळ त्याखाली येत नाहीत. वकिलांचे भाषण ऐकलेला माणूस ही चूक लगेच पकडेल, पण केवळ पुस्तिका घेऊन घरी जाणारा ती पुढे सांगत राहील.

दुपारनंतर देवळे. नल्लूरच्या कंदस्वामी देवळात पुरुषांना सदरा काढून जावे लागते, शिस्त कडक आहे आणि उत्सवाच्या पंचवीस दिवसांत गर्दीही तितकीच मोठी असते. देवळाचे व्यवस्थापन वंशपरंपरेने एका मुदलियार घराण्याकडे आहे, आणि १९५६ च्या सुमारास ते दलितांना खुले झाले, हे मार्गदर्शकांनी सांगितले. माविट्टपुरमच्या देवळाबद्दल त्यांना विचारावे लागले. तेथे १९६८ मध्ये पंचमर म्हणवल्या जाणाऱ्या वण्णार, अंबट्टर, पळ्ळर, नळवर आणि परैयर यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला आणि एकेकाळचे मंत्री व गणिताचे प्राध्यापक सी. सुंदरलिंगम स्वतः दार अडवून उभे राहिले. १९५७ च्या सामाजिक अपात्रता प्रतिबंधक कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. त्याच सुमारास चहाच्या दुकानांत वेगळे पेले ठेवण्याविरुद्धही लढे झाले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह माहीत असणाऱ्याला हे दार ओळखीचे वाटेल, फक्त येथे दार अडवणारे पुजारी नव्हते. जाफन्यात ब्राह्मण पूजा करतो, पण देऊळ आणि जमीन वेळ्ळाळरांची असते, आणि सत्ता त्यांच्याकडे असते. एकोणिसाव्या शतकात शैव धर्म मिशनऱ्यांपासून वाचवणाऱ्या आरुमुग नावलरांनी ही उतरंडही जपली. त्यांचा पुतळा पाहताना पहिली अर्धी गोष्ट तेवढी ऐकायला मिळाली.

‘युद्धाने जात संपवली, वाघांनी तिच्यावर बंदी घातली’, हे मार्गदर्शकांचे ठाम मत होते; वाघ म्हणजे ‘लिट्टे’ ही तमिळ सशस्त्र संघटना. बंदी होती, हे खरे. पण युद्ध संपून वर्षे लोटल्यावरही मल्लाकम, चुन्नाकम भागांतील विस्थापितांच्या छावण्यांत मुख्यतः भूमिहीन पंचमर कुटुंबेच मागे राहिली होती, कारण परतायला त्यांच्याकडे जमीन नव्हती. आणि २०१८ मध्ये वराणी येथील एका कण्णगै अम्मन देवळात रथाचा दोर दलितांच्या हाती जाऊ नये म्हणून रथ जेसीबीने ओढला गेला, ही बातमी जगभर गेली होती. मी ती काढली तेव्हा त्यांनी नाकारले नाही. ‘ते खेड्यात,’ असे म्हणाले. कँडीच्या मार्गदर्शकांनीही जातीबद्दल ‘ते जाफन्यात’ असेच म्हटले होते.

शेवटी नैनातीवू बेट. कुरिकट्टुवान धक्क्यावरून होडीने गेल्यावर एकाच बेटावर नागपूषणी अम्मनचे देऊळ आणि नागदीप विहार दोन्ही लागतात. दक्षिणेकडून आलेले सिंहली यात्रेकरू विहाराकडे आणि तमिळ भाविक देवळाकडे वळतात, आणि काही जण दोन्हीकडे. तमिळ बौद्धांचा जुना इतिहास आणि विसाव्या शतकात जातीला कंटाळून बौद्ध झालेली जाफन्यातील काही पंचमर कुटुंबे, असा विषय येथे आपोआप निघतो. तो निघालाही, पण परतीच्या होडीची वेळ झाली होती. कंदरोडैचे प्राचीन स्तूप तर गाडीतूनच दाखवले गेले.

सहल महाग आहे, म्हणून जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधी मागून घ्याव्यात. दोन्ही मार्गदर्शक निदान एक दिवस एकत्र असावेत, शक्य तर दंबुल्ल येथेच, ही मागणी नोंदणी करतानाच करावी. संस्था लहान असल्यामुळे ती ऐकते, असा अनुभव आहे. जाफन्याचा मुक्काम एक रात्र वाढवावा आणि ती वेळ बेट आणि कंदरोडै यांना द्यावी. वकिलांचे व्याख्यान इंग्रजीत असते. ज्यांना ते अवघड जाईल अशांनी गटात एखादा दुभाषी ठेवावा, कारण कायद्याच्या संज्ञा मार्गदर्शकांना मराठीत किंवा हिंदीत सांगता येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीचा पेरहेरा आणि नल्लूरचा उत्सव जवळजवळ एकाच सुमारास येतात. त्या काळात खोल्या मिळणे कठीण होते, पण ढोल कोण वाजवतो, मशाल कोण धरतो आणि रथाच्या दोराला कोणाचे हात लागतात, हे तेव्हाच समोर दिसते.